शाळेच्या गेटसमोरची कोंडी: मोजणीपासून अधिसूचनेपर्यंत, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर

शाळेसमोर कोंडी होऊ लागली की पालकसभेत तीन मागण्या ठरलेल्या असतात. स्पीड ब्रेकर बसवा, हवालदार द्या, रस्ता वन-वे करा. तिन्ही मागण्यांत तथ्य आहे, पण सुरुवात तिथून केली की वर्षभर अर्ज फिरत राहतो आणि गेटसमोर काहीच बदलत नाही. शाळा सुटताना गाड्या मुळात उभ्याच असतात. उभ्या गाडीला स्पीड ब्रेकर काय करणार?

कोंडीचा खरा हिशेब गाडी किती वेळ थांबते याचा आहे. एका चारचाकीला रस्त्याच्या कडेला साधारण सहा मीटर जागा लागते. दीड मिनिटात मूल बसवून ती निघाली, तर त्याच जागेवर पंधरा मिनिटांत दहा गाड्या होतात. तीच गाडी सुटायच्या आधी येऊन पंधरा मिनिटं उभी राहिली, तर एकच होते. साठ गाड्यांना पहिल्या हिशेबाने ३६ मीटर कड पुरते, दुसऱ्या हिशेबाने ३६० मीटर लागते. इतकी कड शहरातल्या कुठल्याही शाळेला नसते, मग दुसरी रांग लागते, मग तिसरी.

म्हणून इथला क्रम असा आहे: शाळेच्या हातात असलेली कामं आधी, महापालिका आणि पोलिसांची नंतर. पहिल्या पाच टप्प्यांना कुणाची मंजुरी लागत नाही.

## १. समिती जागी करा

महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि सोबत पालक-शिक्षक संघ, पोलीस, आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण विभाग, स्थानिक स्वराज्य संस्था व बस कंत्राटदार यांचे प्रतिनिधी. बऱ्याच शाळांत ही समिती फाइलमध्येच असते. नवी ‘ट्रॅफिक कमिटी’ काढण्यापेक्षा हीच बोलवा. पोलीस आणि आरटीओ तिचे सदस्यच आहेत, त्यामुळे तिच्या ठरावाला जे वजन असतं ते चाळीस पालकांच्या सह्यांच्या अर्जाला नसतं.

पहिल्या बैठकीत एवढंच ठरवा: मोजणी कोण करणार, कोणत्या दिवशी, आणि शाळेच्या वतीने पत्रव्यवहार कुणाच्या सहीने जाणार. उपाय सुचवायला त्या दिवशी मनाई करा. नाहीतर बैठक रिक्षावाल्यांना शिव्या घालण्यात संपते.

## २. मोजणी

मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस घ्या. शनिवार, परीक्षेचे आणि पालकसभेचे दिवस नकोत. भरण्याच्या आधी तीस मिनिटं ते नंतर दहा मिनिटं, आणि सुटण्याच्या आधी तीस ते नंतर तीस मिनिटं, असे पाच-पाच मिनिटांचे रकाने पाडा. दुचाकी, चारचाकी, रिक्षा, व्हॅन, बस, सायकल आणि पायी, प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहा.

याखेरीज तीन नोंदी हव्यात, आणि लोक नेमक्या याच विसरतात:

- थांबण्याचा वेळ. प्रत्येक प्रकारच्या किमान वीस गाड्यांवर स्टॉपवॉच लावा: चाक थांबल्यापासून पुन्हा हलेपर्यंत.
- उतरण्याची बाजू. किती मुलं फुटपाथच्या बाजूने उतरतात आणि किती चालत्या रहदारीच्या बाजूने. उजवीकडचं दार उघडणं आणि स्कूटरवरून उजवीकडे उडी मारणं, दोन्ही मोजा.
- रस्ता मोकळा व्हायला लागलेला वेळ. शेवटच्या घंटेपासून रस्त्यावरची सर्वसाधारण वाहतूक पुन्हा न अडखळता चालू होईपर्यंत किती मिनिटं गेली.

टेपने रस्त्याची रुंदी, फुटपाथची रुंदी, गेटची रुंदी आणि जवळच्या चौकापर्यंतचं अंतर मोजा. फुटपाथवर चालायला अडथळ्याविना १.८ मीटर जागा हवी, असं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. डीपी बॉक्स, झाडाचा पार, टपरी आणि लावलेल्या दुचाक्या वजा करून किती उरते तेवढीच लिहा.

> तपासा: सकाळ आणि सुटण्याची वेळ यांचे तक्ते शेजारी ठेवा. सकाळी गाडी मूल सोडून लगेच निघते. सुटताना पालक आधी येऊन थांबतात. बहुतेक ठिकाणी त्रास सुटण्याच्या वेळेचाच निघेल, म्हणून पुढचे सगळे टप्पे आधी त्या वेळेसाठी लावा.

## ३. घंटा हलवा

दोन सत्रांच्या शाळेत दिवसातली सगळ्यात वाईट वेळ भरदुपारी असते. सकाळचं सत्र सव्वाबाराला सुटतं, दुपारचं साडेबाराला भरतं. न्यायला आलेले आणि सोडायला आलेले एकाच पंधरा मिनिटांत गेटवर भिडतात. मोजणीत रस्ता मोकळा व्हायला पंचवीस मिनिटं लागत असतील, तर दोन सत्रांत निदान तीस मिनिटांचं अंतर हवं. शाळेची इमारत रिकामी असण्याची अर्धा तास चैन परवडत नाही असं व्यवस्थापन म्हणेल. तेव्हा अंतर वाढवण्याऐवजी दोन सत्रांना दोन वेगळी गेटं देता येतात का ते पाहा.

एकाच सत्रात इयत्तांचे गट करून दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडा. तीन गट पुरतात. चौथा गट केला की शिपाई आणि शिक्षक दोघेही कंटाळतात आणि महिन्याभरात सगळे पुन्हा एकदम सुटतात. भावंडांचा प्रश्न आधी सोडवा, नाहीतर त्यांचे पालक दोन्ही मुलं सुटेपर्यंत गाडी लावून बसतील: धाकटं मूल वर्गात किंवा ठरलेल्या खोलीत थांबेल आणि थोरल्याबरोबर सुटेल.

प्राथमिकच्या वेळा ठरवताना २०२४ चा शासन निर्णय लक्षात घ्या. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असं त्यात म्हटलं आहे. लहान मुलांच्या झोपेला ते बरं, पण रस्त्यावर ते बरोबर ऑफिसच्या गर्दीत येतं. नऊच्या ठोक्याऐवजी सव्वानऊ किंवा साडेनऊ जमतं का, ते तुमच्या रस्त्याच्या मोजणीवरून ठरवा.

## ४. थांबण्याच्या जागा आखा

गेटच्या तोंडासमोर दोन्ही बाजूंना १५ मीटर पट्टा पूर्ण मोकळा ठेवा. तिथे कुणीच थांबायचं नाही. बस नाही, मुख्याध्यापकांची गाडीही नाही. शाळेतल्या मोठ्या माणसाची एक गाडी त्या पट्ट्यात दिसली की नियम तिथेच मेला.

त्या पट्ट्याच्या पुढे, वाहतुकीच्या दिशेने, ‘सोडा आणि निघा’ची जागा. हिशेब वरचाच: मोजणीतल्या सर्वाधिक गर्दीच्या पंधरा मिनिटांतल्या चारचाकी भागिले दहा, गुणिले सहा मीटर. आलेल्या आकड्यात तिसरा हिस्सा वाढवा, कारण पावसात रेनकोट, छत्री आणि दप्तर सांभाळताना दीड मिनिटाची दोन मिनिटं होतात. दुचाक्यांना वेगळी जागा द्या, शक्यतो गाड्यांच्या पुढे. मिसळल्या की स्कूटर गाड्यांच्या फटींत शिरतात आणि मूल नेमकं बंपरच्या मध्ये उतरतं.

मूल जागेवर आलं नसेल तर पालकाने निघायचं आणि फेरी मारून यायचं. हे जमण्यासाठी मुलं आत रांगेत तयार असली पाहिजेत. गाडीच्या काचेला मोठ्या अक्षरात मुलाचं नाव-इयत्ता लावलेला कागद, गेटच्या वीस मीटर अलीकडे तो वाचणारा एक माणूस आणि आत माइकवर पुकारणारा दुसरा, एवढ्या व्यवस्थेत थांबण्याचा वेळ दीड मिनिटावर येतो. वॉकी-टॉकी असेल तर उत्तम; फोन कानाला लावून हे काम होत नाही, कारण गर्दीच्या वेळी फोन लागतच नाही.

ज्यांना थांबायचंच आहे, बाईंशी बोलायचं आहे, त्यांच्यासाठी २०० ते ३०० मीटरवर जागा शोधा. मंगल कार्यालयाचं पार्किंग हा सगळ्यात चांगला पर्याय: आठवड्यातले बरेच दिवस रिकामं, आत-बाहेर यायला रुंद गेट. मालकाशी लेखी बोलणं करा आणि मुहूर्तांची यादी आधीच मागून घ्या. लग्नाच्या दिवशी ती जागा मिळणार नाही, आणि तीन दिवस आधी पालकांना तसा मेसेज गेला नाही तर त्या दिवशी पहिल्यापेक्षा मोठी कोंडी होईल.

> सावध: यू-टर्न. गेटसमोर वळणारी एक गाडी दोन्ही दिशा अडवते. येण्याची दिशा एकच ठरवा, भले पालकांना अर्धा किलोमीटर वळसा पडो, आणि त्याचा नकाशा प्रवेशाच्या वेळीच हातात द्या. गेटवरून मागे-पुढे करत निघणाऱ्या गाडीच्या मागे मूल असतं, हे चालकाला आरशात दिसत नाही.

## ५. रिक्षा, व्हॅन, बस

रिक्षावाले काका आणि व्हॅनवाले काका हे कोंडीचं कारण आहेत असं पालकांना वाटतं. आकडे बहुधा उलट सांगतात. एक व्हॅन रस्त्यावरच्या सात-आठ दुचाक्या कमी करते. तिचा दोष एवढाच की मुलं गोळा होईपर्यंत ती वीस मिनिटं उभी राहते. तेव्हा काकांची बैठक वेगळी घ्या, प्रत्येकाला उभं राहण्याची ठरलेली जागा आणि क्रमांक द्या, आणि त्यांची मुलं वर्गातूनच गटाने त्या क्रमांकापर्यंत पोचवा. काका मुलं शोधत आवारात फिरायचे थांबले की गाडी पाच-सहा मिनिटांत हलते.

त्याच बैठकीत परवाना, फिटनेस आणि विमा यांच्या प्रती घ्या. दाराबाहेर टांगलेली दप्तरं बंद. चालकाच्या बाजूला कुणी बसणार नाही. बसमध्ये सहायक हवाच, मुली असतील तर महिला सहायक हवी.

बस आवारात येत असेल तर सोडण्याचा क्रम असा: पायी आणि सायकलवाली मुलं आधी, ती गेटबाहेर गेली की बस आणि व्हॅन, शेवटी पालकांच्या गाड्यांची मुलं. मुलं पटांगणात असताना बस मागे घ्यायची नाही, कंडक्टर मागे उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ करत असला तरी नाही. आवारात पुरेसा वळसा नसेल तर बस आत आणूच नका.

नववी-दहावीची स्कूटर हा वेगळा विषय, पण इथेच उरकतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. शाळेने अशा गाड्यांना आत जागा देऊ नये, आणि समोरच्या सोसायटीलाही तसं पत्र द्यावं, कारण त्या तिथेच लागतात. दुचाकीवरच्या चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान मुलासाठी चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

## ६. रस्ता ओलांडण्याची जागा

इथून पुढे महापालिका किंवा नगरपालिका लागते.

चौदा मीटर रुंद रस्ता सहा-सात वर्षांचं मूल सेकंदाला एक मीटर या चालीने चौदा सेकंदांत ओलांडतं. तेवढ्या वेळात ताशी ४० च्या वेगाची गाडी १५५ मीटर येते. म्हणजे त्या मुलाला दोन्ही दिशांना दीडशे मीटर रस्ता मोकळा मिळाला तरच ते सुखरूप पलीकडे जाईल. शहरात असा मोकळा रस्ता मिळत नाही, म्हणून नुसते पांढरे पट्टे मारून भागत नाही. मधोमध मुलांना उभं राहायला दोन मीटर रुंद थांबा केला की मुलाला एका वेळी सहाच मीटर ओलांडायचे आणि एकाच दिशेकडे बघायचं असतं. मागणी करताना पट्ट्यांच्या आधी या थांब्याची करा.

पट्टे गेटच्या बरोबर समोर नकोत. घंटा झाल्यावर मुलं सुसाट बाहेर येतात आणि तशीच रस्त्यात जातात. गेटसमोर फुटपाथच्या कडेला रेलिंग, आणि पट्टे १० ते १५ मीटर बाजूला. त्याहून लांब नेलेत तर कुणी वापरणार नाही, रेलिंग वाकवून वाट काढतील. पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना दहा मीटर पार्किंग बंद हवं. एसयूव्हीचं बॉनेट आणि पहिलीतल्या मुलाचं डोकं जवळपास एका उंचीला येतं. मागून येणाऱ्याला मूल रस्त्यात आल्यावरच दिसतं.

> सावध: आरएसपीच्या (रोड सेफ्टी पेट्रोल, शाळेचं रस्ता सुरक्षा पथक) मुलांना रस्त्यात उभं करून गाड्या थांबवायला लावू नका. त्यांनी फुटपाथवर उभं राहून लहान मुलांना अडवायचं आणि गटाने सोडायचं. रस्त्यात उतरणारा माणूस मोठा, झळाळत्या जाकिटातला, हातात ‘थांबा’ची पाटी घेतलेला असावा, आणि त्याची नेमणूक वाहतूक शाखेशी बोलून झालेली असावी.

## ७. वेग

आता स्पीड ब्रेकर. कोंडीवर त्याचा उपयोग नाही हे वर आलंच. त्याचं काम रस्ता मोकळा असताना, म्हणजे उशिरा येणारं मूल एकटं रस्ता ओलांडतं तेव्हा. चालकाला भान यायला दीड सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी २५ ला गाडी साधारण १५ मीटरमध्ये थांबते, ४० ला २९ मीटर आणि ५० ला ४० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर याहून जास्त.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार ताशी २५ साठीचा गोलाकार उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, अलीकडे ४० मीटरवर सूचनाफलक हवा. कंत्राटदार करून ठेवतात तो अर्ध्या मीटरचा डांबराचा ढिगारा यात बसत नाही. त्यावर स्कूटरवरचं मागचं मूल उडतं आणि रुग्णवाहिका आचके खाते. रबरी पट्ट्यांचे दोन तुकडे महिन्याभरात निघतात आणि उरलेल्या फटीतून दुचाकी वेग न कमी करता जाते. शक्य असेल तिथे उंच केलेलं क्रॉसिंग मागा: पट्टे असलेला रस्त्याचा तुकडाच फुटपाथच्या उंचीपर्यंत उचललेला. मूल सपाटीवर चालतं आणि गाडीला चढ चढावा लागतो, दोन कामं एकात होतात. दोन्ही कडांना पाण्याची वाट आराखड्यात दाखवायला सांगा, नाहीतर जूनमध्ये नेमकं मुलं उभी राहतात तिथे तळं साचतं.

## ८. अर्ज आणि अधिसूचना

शाळेचा रखवालदार दोरी बांधून सार्वजनिक रस्ता बंद करू शकत नाही. ठरावीक वेळेचा वन-वे, नो-पार्किंग किंवा अवजड वाहनांना बंदी यासाठी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली आदेश लागतो. आयुक्तालय असलेल्या शहरात तो वाहतूक पोलीस उपायुक्त काढतात, सहसा आधी प्रायोगिक तत्त्वावर, हरकती-सूचना मागवून. रंग, फलक, थांबा, उंचवटा हे महापालिकेच्या पथ (रस्ते) विभागाचं काम. दोघांना दोन वेगळे अर्ज करा आणि प्रत्येकात दुसऱ्याची प्रत जोडा. एकच अर्ज दोघांना पाठवला तर दोघेही तो एकमेकांकडे पाठवतात.

अर्जाला जोडायचं: समितीचा ठराव, मोजणीचे तक्ते, हाताने काढलेला असला तरी मापं लिहिलेला नकाशा, आणि शाळेने स्वतः काय करून पाहिलं त्याची एका पानाची नोंद. या शेवटच्या पानामुळे अर्ज पुढे सरकतो, कारण अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न ‘तुमच्या बस तुम्ही आत का घेत नाही?’ हाच असतो. शेजारच्या सोसायट्यांचं म्हणणं आधीच घ्या. त्यांच्या गेटसमोरून वन-वे जाणार असेल आणि त्यांना फलक लागल्यावर कळलं, तर हरकतींचा पाऊस पडतो.

वेळेचं गणित उलटं मोजा. शाळा जूनच्या मध्यावर भरते, विदर्भात थोडी उशिरा. ओल्या रस्त्यावर थर्मोप्लास्टिकचे पट्टे धरत नाहीत, म्हणून रंग मे महिन्यात पूर्ण व्हायला हवा. त्यासाठी कामाचा आदेश मार्चपर्यंत आणि निधीची तरतूद त्याआधीच्या अंदाजपत्रकात हवी. मोजणी दिवाळीनंतर लगेच केली तर हे जमतं. मे महिन्यात केलेला अर्ज पुढच्या वर्षासाठीच समजा.

## ९. पहिले पंधरा दिवस

कायमचं काही बांधण्याआधी शंकू आणि पाण्याने भरलेल्या प्लास्टिक बॅरिअरने तीच आखणी दोन आठवडे चालवून बघा. पहिल्या तीन दिवसांच्या गोंधळावरून काही ठरवू नका, पालकांना वाट कळायला तेवढा वेळ लागतोच. पाचव्या आणि पंधराव्या दिवशी पहिल्यासारखीच मोजणी करा, त्याच रकान्यांत.

- थांबण्याचा वेळ कमी झाला, पण रस्ता मोकळा व्हायला तेवढाच वेळ लागतोय: पुढचा चौक अडतोय. सिग्नलची वेळ वाहतूक शाखेकडून तपासून घ्या.
- वेळ कमी झालाच नाही: आत मुलं तयार नाहीत. प्रश्न वर्गातून सोडण्याचा आहे.
- गेट मोकळं झालं, पण मागच्या गल्लीत कोंडी सुरू झाली: लांबची थांबण्याची जागा अपुरी किंवा अडचणीची आहे.
- रहदारीच्या बाजूने उतरणारी मुलं कमी झाली नाहीत: गाड्या उलट्या दिशेने येऊन थांबतायत, वळशाचा नकाशा कुणी पाळत नाही.

पंधरा दिवसांची मोजणी समितीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्ताला जोडा आणि त्याची प्रत दोन्ही अर्जांच्या आवक क्रमांकांसह पाठवा. नवीन शैक्षणिक वर्षात बरेच पालक नवे असतात. तेव्हा नकाशा, काचेवरचा कागद आणि माइकवरचा माणूस हे पुन्हा पहिल्या दिवसापासून लावावं लागेल.